प्रवाह पाण्यात, जबाबदारी बोटीवर

नॉर्वेच्या उत्तर भागात बोडो शहराजवळ सॉल्टस्ट्रॉमन नावाची सामुद्रधुनी आहे. रुंदी जेमतेम दीडशे मीटर, लांबी तीनएक किलोमीटर. दर सहा तासांनी या चिंचोळ्या वाटेने सुमारे ४० कोटी घनमीटर पाणी एकदा आत शिरतं आणि एकदा बाहेर पडतं. ऐन भरात त्याचा वेग २० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरपर्यंत जातो आणि पृष्ठभागावर मोठमोठे भोवरे गरगरत असतात. जगातल्या सर्वांत जोरकस भरती-प्रवाहांत त्याची गणना होते. तरीही तिथे वर्षानुवर्षं स्कूबा डायव्हिंग चालतं. भरती आणि ओहोटी यांच्या मध्ये पाणी थोडा वेळ थबकतं, तेवढ्यात लोक उतरतात आणि पाणी उलटायच्या आत वर येतात. ती वेळ चुकली तर त्या दिवशी डाइव्ह होत नाही. तिथे याची कुणी तक्रार करत बसत नाही, कारण तक्रार कुणाकडे करणार?

याउलट डायव्हर वाहून गेल्याच्या ज्या बातम्या अधूनमधून येतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी प्रवाह याच्या निम्माही नसतो. पाणी कोमट, तळ सुंदर, बोटीवर उत्साहाचं वातावरण. उतरण्याची वेळ मात्र पाण्याकडे बघून ठरलेली नसते. दिवसात किती फेऱ्या बसवायच्या, कुणाचं संध्याकाळचं विमान आहे, दुसऱ्या गटाला बोट कधी द्यायची आहे, अशा हिशेबांतून ती आलेली असते. मग काही विपरीत घडलं की चौकशीचा सगळा झोत पाण्यात उतरलेल्या माणसावर पडतो. त्याने प्रवाहाविरुद्ध पोहायला नको होतं, त्याने हवा तपासायला हवी होती, त्याने घाबरायला नको होतं.

हा झोत चुकीच्या जागी पडतो आहे, असं मला वाटतं. प्रवाहामुळे होणाऱ्या अपघातांत निर्णायक क्षण बहुधा उडी मारण्याआधीच येऊन गेलेला असतो, आणि त्या क्षणी निर्णय घेणारा माणूस अनेकदा पाण्यात उतरतही नाही. म्हणून या बाबतीतली पहिली जबाबदारी डायव्हरच्या कौशल्यावर न टाकता बोट चालवणाऱ्या व्यवसायावर टाकली पाहिजे, तीही नियमाने.

आधी पाण्याबद्दल. भरती-ओहोटीचं गणित माणसाला फार पूर्वी उलगडलं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, उधाण येतं, पाण्याच्या पातळीतला फरक वाढतो आणि त्याबरोबर प्रवाहही वाढतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा ओढ मंद असते. पुढच्या कित्येक वर्षांची कोष्टकं आज छापता येतात. इतकं असूनही प्रवाह लोकांना चकवतो याचं एक साधं कारण आहे. कोष्टक सांगतं ते पाण्याच्या उंचीबद्दल, आणि डायव्हरला हवा असतो पाण्याचा वेग. या दोन गोष्टी बरोबरीने चालतातच असं नाही. एखाद्या खाडीच्या तोंडाशी भरती पूर्ण झाल्यावरही तासभर पाणी आत वाहत राहू शकतं, कारण आतलं मोठं पात्र अजून भरत असतं. दोन बेटांमधल्या फटीत तर दोन्ही बाजूंच्या समुद्रांची भरती वेगवेगळ्या वेळी येते आणि पातळीतल्या फरकामुळे पाणी उतारावरून धावल्यासारखं धावतं.

इंडोनेशियातलं कोमोडो हे याचं नमुनेदार उदाहरण. प्रशांत महासागरातून हिंदी महासागराकडे जाणारा मोठा ओघ या बेटांच्या माळेतून वाट काढतो, त्यावर रोजची भरती-ओहोटी स्वार होते, आणि सुंबावा व फ्लोरेस यांच्या मधल्या अरुंद वाटांमध्ये हे सगळं पाणी कोंडतं. त्याच ओढीने खालचं थंड, अन्नद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं, म्हणून तिथे मँटा रे हे मोठे मासे येतात, माशांचे थवे येतात, आणि त्यांच्या मागे आपण. हे विसरून चालत नाही. ज्या प्रवाहाची भीती घालायची, त्याच्याचसाठी लोक पैसे मोजून तिथे जातात. शांत, साचलेल्या पाण्यात बघण्यासारखं कमी असतं. तेव्हा प्रवाह असलेल्या जागा टाळा हा उपदेश निरर्थक आहे. तो करणाऱ्याला या छंदाचं मर्म कळलेलं नाही.

अशा जागी उतरलेल्या माणसाच्या शरीराचं काय होतं, ते आकड्यांत पाहिलं की ‘चांगला पोहणारा’ या शब्दांची हवा निघून जाते. एक नॉट म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पाठीवर सिलिंडर, अंगावर हवा भरता येणारं जॅकेट, लोंबणाऱ्या नळ्या असलेला सुदृढ डायव्हर पायांतले फिन्स मारून जेमतेम तेवढ्याच वेगाने काही मिनिटं टिकतो. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती घनाच्या. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर जागेवर टिकून राहायला आठपट शक्ती हवी. व्यायामशाळेत घालवलेली वर्षं इथे दोन-चार मिनिटांची भर घालतात, त्यापलीकडे काही नाही.

आता हवेचा हिशेब. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला सुमारे २४०० लिटर हवा असते. निवांत असलेला माणूस पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे २० लिटर घेतो. ३० मीटर खोलीवर दाब चौपट, त्यामुळे तोच श्वास मिनिटाला ८० लिटर खातो आणि सिलिंडर अर्धा तास पुरतो. त्याच खोलीवर प्रवाहाशी झगडताना श्वासाचा दर तिपटीवर गेला, तर मिनिटाला २४० लिटर. वर येण्यासाठी ५० बार राखून ठेवायचे तर हातात उरतात साडेसात मिनिटं. शिवाय खोलवर हवा दाट होते, फुप्फुसांतून कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, तो साठला की धाप वाढते आणि नायट्रोजनची गुंगीही अधिक चढते. ज्या मिनिटात सर्वांत शांत डोक्याची गरज असते, नेमक्या त्याच मिनिटात डोकं कामातून जातं. ‘घाबरू नका’ ही सूचना म्हणून फारशी उपयोगाची नाही. त्या अवस्थेतली घबराट रक्तातल्या वायूंमुळे आलेली असते, धैर्य कमी पडल्यामुळे नाही.

याहून वाईट म्हणजे खाली ओढणारा प्रवाह. उभ्या कड्यावर आपटलेलं पाणी कधी वर चढतं, कधी कड्यावरून खाली कोसळतं. सोडलेले बुडबुडे वर जायच्या ऐवजी डोक्याभोवती घुटमळू लागले किंवा खाली जाऊ लागले, की समजायचं. काही सेकंदांत दहा-वीस मीटर खोली वाढू शकते. आणि हल्ली बऱ्याच जणांच्या सिलिंडरमध्ये ३२ टक्के ऑक्सिजनचं नायट्रॉक्स, म्हणजे नेहमीच्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेलं मिश्रण असतं. त्याची नेहमीची मर्यादा ३४ मीटरच्या आसपास येते. त्याखाली जितकं जावं तितका ऑक्सिजनच विषारी ठरून झटके येण्याचा धोका वाढतो, आणि पाण्याखाली झटका येणं म्हणजे तोंडातून रेग्युलेटर, म्हणजे हवा पुरवणारं उपकरण, सुटणं. बरं, सुटकेसाठी जॅकेटमध्ये हवा भरावी, तर प्रवाह सैल पडल्याक्षणी तीच हवा प्रसरण पावत माणसाला वर फेकते. दहा मीटरवरून पृष्ठभागापर्यंत येताना हवेचं आकारमान दुप्पट होतं. श्वास रोखून धरला असेल, तर दीड मीटरभर वर येणंही फुप्फुस फाटायला पुरेसं ठरतं.

खाली ओढणाऱ्या पाण्यात काय करावं, याबद्दल जाणत्यांमध्ये एकमत नाही. कड्यापासून दूर निळ्या पाण्यात जावं असं काही म्हणतात, काही कड्याला धरून हातांनी वर सरकायला सांगतात. दोन्ही सल्ले कुठे ना कुठे बरोबर ठरलेले आहेत. ज्या संकटावर पाण्याखाली एकच खात्रीचा उपाय नाही, त्याच्यासाठी तिथल्या तिथे योग्य निर्णय घेण्याची अपेक्षा सुटीवर आलेल्या, वर्षातून चारदा डाइव्ह करणाऱ्या माणसाकडून ठेवायची, हे मला क्रूर वाटतं.

इतकं होऊनही पाण्याखालचा धोका हा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा पृष्ठभागावर असतो, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात पोर्ट डग्लसहून ग्रेट बॅरियर रीफच्या बाहेरच्या भागात गेलेली बोट दोन अमेरिकी डायव्हर मागे ठेवून परतली. ते बोटीवर नाहीत हे दोन दिवसांनी कळलं, तेही त्यांचं सामान बोटीवर पडलेलं दिसलं म्हणून. ते दोघे कधीच सापडले नाहीत. जून २००८ मध्ये कोमोडोजवळ पाच युरोपीय डायव्हर वर आले, तेव्हा बोटीच्या नजरेबाहेर गेले होते. कित्येक तास वाहत ते रिंका बेटाला लागले आणि दोन दिवसांनी सापडले. पाचही जण जिवंत होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये बालीजवळच्या नुसा पेनिडा परिसरात सात जपानी महिला वाहून गेल्या. पाच जणी तीन दिवसांनी सापडल्या, दोघी वाचल्या नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये मलेशियातल्या मर्सिंगजवळ प्रशिक्षणासाठी उतरलेले चार जण वर आले तर बोट दिसेना. त्यांच्यातला किशोरवयीन मुलगा गेला, बाकी तिघे दोन वेगवेगळ्या दिवशी हाती लागले.

या घटनांकडे एकत्र पाहिलं की एक गोष्ट खटकते. यातले बहुतेक लोक पाण्याखालून व्यवस्थित वर आले होते. काहींबरोबर तर प्रशिक्षक होते, म्हणजे कौशल्याचा प्रश्नच नव्हता. पाण्याखालचा भाग त्यांनी पार पाडला होता. बोट तिथे नव्हती, किंवा होती पण तिला ते दिसले नाहीत.

न दिसणं किती सोपं आहे, हेही आकड्यांतच बघावं. पाण्यातून वर आलेलं माणसाचं डोकं तरंगत्या नारळाएवढं दिसतं, आणि लाटा एक मीटरच्या असतील तर बराच वेळ तेही लाटेआड असतं. बोटीवरच्या माणसाला काहीशे मीटरपलीकडे ते ओळखणं कठीण. त्यात तीन नॉटच्या प्रवाहात डायव्हर तासाला साडेपाच किलोमीटर सरकतो. कुठल्या दिशेने गेला हे माहीत नसेल, तर अर्ध्या तासाने शोधायचं क्षेत्र सुमारे २४ चौरस किलोमीटर होतं, एका तासाने ९७, तीन तासांनी ८७०च्या पुढे. क्षेत्र वेळेच्या वर्गाने वाढतं. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत एका सतर्क माणसाने केलेल्या कामाची भरपाई तीन तासांनंतर आलेली हेलिकॉप्टरंही करू शकत नाहीत. कोमट पाणीही दयाळू नसतं. हवेच्या तुलनेत पाणी शरीरातली उष्णता पंचवीसपट वेगाने ओढून नेतं, त्यामुळे रात्र पडली की २७-२८ अंशांचं पाणीसुद्धा हळूहळू माणसाला गारठवतं.

यावरचे उपाय नवे नाहीत, महागही नाहीत. फ्लोरिडाच्या आग्नेय किनाऱ्यावर गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाच्या कडेने डाइव्ह करताना गाइड एका दोरीला बांधलेला तरंगता बोया सोबत ओढत नेतो. वरची बोट त्या बोयाच्या मागे चालत राहते. गट कुठे आहे, हे बोटीला प्रत्येक क्षणी ठाऊक असतं. प्रवाहाशी कुणी लढत नाही, त्याच्याबरोबर जातात. असं वाहत जाणं हा खरं तर डायव्हिंगचा सर्वांत आरामशीर प्रकार आहे, अट एवढीच की वर कुणीतरी लक्ष ठेवून असावं. पलाऊ या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशात दुसरी तऱ्हा निघाली. तिथल्या कड्यांच्या कडेवर मृत खडकात आकडा अडकवून, दोरीच्या टोकाला पतंगासारखं तरंगत लोक शार्क बघत बसतात. तिथेही आकडा सुटल्यावर माणूस निळ्या पाण्यात कुठे निघेल आणि तिथे कोण असेल, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

मग अपघातानंतरचा निकाल बहुतेक वेळा ‘डायव्हरची चूक’ असाच का लागतो? याचं एक उत्तर आपण अपघात कसे नोंदवतो त्यात आहे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या संशोधकांनी २००८ मध्ये मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगमधल्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घटनांत सुरुवात कशाने झाली हे ओळखता आलं, त्यांत ४१ टक्के वेळा हवा संपणं हे कारण होतं. अभ्यास मोलाचा आहे. मृत्यूच्या दाखल्यावरच्या ‘बुडून मृत्यू’ या दोन शब्दांच्या मागे जाऊन त्याने घटनांची साखळी उलगडली. पण साखळीची पहिली कडी हवा संपणं ही धरली, की वाचणारा लगेच म्हणतो, उरलेली हवा दाखवणाऱ्या गेजकडे बघायला काय झालं होतं? मघाचा साडेसात मिनिटांचा हिशेब इथे आठवावा. हवा संपली हे खरं, पण काही वेळा तरी ती का संपली याचं उत्तर गेजमध्ये नसून उतरण्याच्या वेळेत असतं. ती कडी नोंदवायला अर्जात रकानाच नसतो.

सगळं खापर बोटवाल्यांच्या माथी मारावं असंही माझं म्हणणं नाही. त्याच अभ्यासात सुमारे चौथाई मृत्यूंमागे हृदयविकार होता. गुडघे धरून, छातीत कळ दाबून ‘एवढी एक डाइव्ह करू’ म्हणणाऱ्यांना कुठलाही नियम वाचवणार नाही. आपली हवा, आपली तब्येत, आपल्या बडीकडे, म्हणजे जोडीदाराकडे लक्ष, हे ज्याचं त्यानेच पाहायचं. पण आजच्या व्यवस्थेत ज्या गोष्टीवर डायव्हरचा काडीचा ताबा नाही तीही त्याच्या खात्यावर टाकली जाते, आणि त्यासाठी त्याच्याकडून आगाऊ सही घेतली जाते. ‘सर्व धोक्यांची मला कल्पना आहे’ असं त्या कागदावर लिहिलेलं असतं. आजचा प्रवाह किती, गेल्या महिन्यात इथे काय झालं, वर बोट थांबणार की दुसऱ्या गटाला आणायला जाणार, यातलं काहीही त्याला सांगितलेलं नसतं. मग कल्पना कशाची?

प्रशिक्षण हा याचा नेहमीचा तोडगा म्हणून पुढे केला जातो. पहिल्या पातळीचा कोर्स तीन-चार दिवसांत होतो, बहुधा निवाऱ्याच्या पाण्यात, आणि १८-२० मीटरपर्यंत उतरण्याच्या पात्रतेचं कार्ड देतो. जशा पाण्यात शिकलात तशाच किंवा त्याहून सोप्या पाण्यात उतरा, असं त्यात सांगितलेलंही असतं. पण त्या कार्डाची मुदत संपत नाही. शांत सरोवरासारख्या खाडीत शिकून पाच वर्षं पाण्यात न उतरलेला आणि दर आठवड्याला प्रवाहात उतरणारा, दोघांच्या खिशात तेच कार्ड. प्रवाहातल्या डायव्हिंगचा वेगळा कोर्स आहे, पण तो ऐच्छिक. बोटीवर कार्ड तपासतात ते आहे की नाही एवढ्यापुरतं. मग आठ जणांच्या गटात तिघं कच्चे निघाले तर सगळा गट त्यांच्या क्षमतेने चालायला हवा. प्रत्यक्षात तो ज्यांनी मोठा कॅमेरा आणला आहे त्यांच्या इच्छेने चालतो.

गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांनी एक सुंदर नियम घालून घेतला आहे: कुणीही, कधीही, कुठलंही कारण न देता डाइव्ह थांबवू शकतो, आणि त्याबद्दल त्याला कुणी विचारायचं नाही. हा नियम आता सगळीकडे सांगितला जातो. तो चालतो ते एकमेकांना ओळखणाऱ्या दोघा-तिघांच्या गटात. परक्या माणसांनी भरलेल्या बोटीवर, सगळ्यांनी पैसे भरलेले असताना, पहिल्यांदा हात वर करून ‘मला हे पाणी बरं वाटत नाही’ म्हणणारा विरळा. गाइडची स्थिती तर त्याहून अवघड. अनेक ठिकाणी त्याची कमाई फेरीगणिक असते, वर बक्षिशीवर. फेरी रद्द केली तर मालक नाराज, गिऱ्हाईक नाराज, आणि त्याच्या निर्णयामुळे जे घडलं नाही ते कुणाला दिसत नाही. ज्याने रद्द केली नाही आणि काही झालंही नाही, तो मात्र धाडसी ठरतो. असे दहा प्रसंग निभावले की त्याचं नाव होतं. अकरावा प्रसंग कुठे न्यायचा तिथे नेतो.

म्हणून मला वाटतं, निर्णय माणसाच्या त्या क्षणीच्या हिमतीवर सोडू नये. प्रत्येक जागेसाठी प्रवाहाची मर्यादा आधी लिहून ठेवावी. पाण्यात सोडलेल्या दोरीचा कल, बोयाभोवती उसळणारं पाणी, किंवा ठरावीक अंतर तरंगत्या वस्तूने किती सेकंदांत कापलं, असं कुणालाही मोजता येईल असं माप त्याला असावं. माप ओलांडलं की जागा बदलायची. आणि त्याबरोबर, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं: पाण्यामुळे रद्द झालेल्या डाइव्हचे पैसे गिऱ्हाइकाला परत आणि गाइडला त्या दिवसाची मजुरी पूर्ण. याचा भार एकेकट्या मालकावर पडू नये म्हणून एखाद्या भागातल्या सगळ्या व्यावसायिकांनी मिळून निधी किंवा विमा उभारावा. हे नीरस काम आहे हे खरं. पण गाइडला सुरक्षेवर व्याख्यान देण्यापेक्षा त्याची मजुरी फेरीपासून सोडवणं अधिक जीव वाचवेल, याबद्दल मला शंका नाही.

बाकीच्या गोष्टी त्यामानाने सोप्या. डायव्हर पाण्यात असताना बोटीने जागा सोडायची नाही, आणि चालवणाऱ्याखेरीज निव्वळ पाण्याकडे पाहणारा एक माणूस तिच्यावर हवा. फुगवून उभा करता येणारा केशरी बोया, शिटी आणि आरसा प्रत्येकाकडे, एकट्या गाइडकडे नाही, कारण गट फुटतो तेव्हा गाइड एकाच तुकड्याबरोबर असतो. जोरदार प्रवाहाच्या जागी प्रत्येक जोडीकडे ठिकाण कळवणारं उपकरण. पाणी शिरू न देणाऱ्या डबीतून ते आता नेता येतं आणि उपग्रहामार्फत किंवा आसपासच्या जहाजांना थेट संदेश देतं. ते विकत घेणं छोट्या व्यावसायिकाला जड जाईल हे मान्य, पण भाड्याने देता-घेता येण्यात काही अडचण नाही.

आणि नावानिशी हजेरी. ग्रेट बॅरियर रीफ ज्याच्या किनाऱ्याला आहे त्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने पाण्यातल्या मनोरंजनासाठी २०११ मध्ये स्वतंत्र सुरक्षा कायदा केला. तिथे बोटीवरच्या माणसांची मोजणी ही निव्वळ सवयीची बाब नाही, नियमाची आहे. असल्या कडकपणाला तिथल्या व्यावसायिकांनी आधीपासूनच मनावर घेतलं असावं, असं मे २००८ मधल्या एका घटनेवरून दिसतं. त्याच रीफवर दोन डायव्हर प्रवाहात वाहून गेले. पण ते परतले नाहीत हे त्याच दिवशी लक्षात आलं, शोध सुरू झाला आणि सुमारे १९ तासांनी हेलिकॉप्टरने त्यांना उचललं. समुद्र तोच. १९९८ मध्ये दोन दिवस कुणाला पत्ताच नव्हता. समुद्रात मागे राहणं दोन्ही वेळा टळलं नाही, फरक पडला तो कुणीतरी मोजल्यामुळे.

थोडक्यात हुकलेल्या अपघातांचं काय, हा प्रश्न मला अधिक सतावतो. विमानवाहतुकीत वैमानिकांनी आणि नियंत्रकांनी आपल्या चुका नाव गुप्त ठेवून कळवाव्यात यासाठी अमेरिकेत १९७६ पासून यंत्रणा आहे, आणि ती नियम करणाऱ्या खात्याऐवजी नासा चालवते, म्हणजे कळवणाऱ्याला शिक्षेची धास्ती राहू नये. ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब डायव्हिंगमधल्या घटनांचा वार्षिक अहवाल काढतो आणि त्यात मरण न आलेल्या घटनाही असतात. पण तो मुख्यतः एका देशातल्या क्लबांचा. पर्यटनाच्या मोठ्या केंद्रांत असं काही नसतं. तिथे ‘आज गट चाळीस मिनिटं सापडत नव्हता’ ही गोष्ट संध्याकाळी गाइड आपापसांत बोलतात आणि सकाळी नवी गिऱ्हाइकं त्याच जागी, चंद्राच्या जवळपास त्याच तिथीला उतरतात. ही माहिती व्यवसायाला मारक वाटते, म्हणून ती एकट्याने कुणीच उघड करणार नाही. सगळ्यांना एकदमच बंधनकारक केली, तर कुणा एकट्याचं नुकसान होत नाही.

याच्या विरोधात दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा की साहसातला धोका काढून घेतला तर साहस उरेल काय? त्यात काही अंशी तथ्य आहे. अनुभवी लोकांनी स्वतःची बोट घेऊन कोमोडोच्या सर्वांत उग्र फटीत उतरावं, त्यांना अडवायचं कारण नाही. पण धोका पत्करणं आणि धोका ठाऊक नसणं यांत अंतर आहे, आणि पैसे घेऊन अनोळखी लोकांना उतरवणारा माणूस त्यांच्या वतीने परस्पर धोका पत्करत असतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: नियम आले की छोटे स्थानिक व्यावसायिक बुडतील आणि मोठ्या परदेशी कंपन्या उरतील. म्हणूनच यादी लांबवू नये, असं मला वाटतं. प्रमाणपत्रं, फलक, रंगीत पुस्तिका यांचा पसारा वाढवण्यापेक्षा जागेवर थांबलेली बोट, बघणारा माणूस, बोया, हजेरी आणि रद्द फेरीचे पैसे, एवढ्यावर नियम थांबला तरी पुष्कळ झालं. अपघातानंतर प्रशासनं घाईघाईने जागाच बंद करतात, त्याने मात्र खरोखर छोटे लोक मरतात. जागा दोन महिने बंद राहते, मग जुन्याच पद्धतीने उघडते. मधल्या काळात कुणी काही शिकलेलं नसतं, कर्ज तेवढं वाढलेलं असतं.

खटले भरले जातात तेव्हा आरोपीच्या जागी सहसा त्या दिवशी सुकाणू धरणारा माणूस उभा असतो. कधी तो बेफिकीर असतो, कधी नशेतही असतो, आणि तेव्हा त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण एकाच बोटीवर दोन गट, दोन वेगळ्या जागा आणि दिवसात चार फेऱ्या हे वेळापत्रक त्याने आखलेलं नसतं. ते आखणारा माणूस किनाऱ्यावरच्या कार्यालयात असतो आणि चौकशीत त्याला बहुधा साक्षीदार म्हणून बोलावतात. त्या वेळापत्रकाची प्रत तपासाच्या कागदांत जोडणं सक्तीचं करावं. कोणत्या तिथीला, भरतीच्या कोणत्या टप्प्यावर, किती वाजता गट पाण्यात उतरवायचा हे कुणी आणि कधी ठरवलं, हे त्यात लिहिलेलंच असतं.